हळदीच्या पाण्यातला सूर्य

सांगलीच्या मार्केट यार्डात आदगोंडाण्णांची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. ते कुणाच्या तोंडाकडं बघून बोलत नसत. तुम्ही समोर उभे राहिलात की त्यांची नजर तुमच्या कानाशी जाऊन थांबायची. नवख्याला वाटे, कानाला चुनाबिना लागलाय की काय. जुने लोक त्याला समजावत, "आण्णा माणसाकडं बघत न्हाईत. माणसाच्या मागं काय हाय ते बघत्यात." माणसं अशीच एखाद्याला मोठं करून ठेवतात. आण्णांनीही कधी हरकत घेतली नाही.

आण्णांचं काम हळद पारखण्याचं. पोत्यातलं हळकुंड उचलायचं, कट्कन मोडायचं, आवाज ऐकायचा, नाकाशी न्यायचं आणि मग मोडलेली बाजू डोळ्यांपुढं जराशी तिरकी धरायची. "ही नदीकाठची. ही माळावरची, हिला पाणी कमी पडलंय." शेजारीच राहणारा आप्पासो व्यापारी तर आण्णांनी मान हलवल्याशिवाय पोत्याला हात लावत नसे. डोळा असावा तर आण्णांचा, असं यार्ड म्हणायचं.

आणि नेमकं त्या डोळ्यांच्या मधोमध काहीच दिसत नव्हतं. चाळीस वर्षं झाली होती त्याला.

ऐंशी सालचा फेब्रुवारी. हळद शिजवायचे दिवस. कृष्णाकाठच्या त्यांच्या मळ्यात चुलाणांवर हळद उकडायच्या मोठ्या कढया, काहिली, चढलेल्या आणि सगळ्या शिवारात शिजत्या हळदीचा ओला, मातकट वास. दुपारी ग्रहण लागणार म्हणून जाळ ओढून घेतला. आईनं परातीत पाणी घेतलं, त्यात मूठभर हळद कालवली. वर बघायचं नाही, पाण्यात बघायचं. हळदीच्या पाण्यातला सूर्य बाधत नाही, असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. पंधरा वर्षांचा आदगोंडा परातीवर वाकला तो वाकलाच. पिवळ्या पाण्यात सूर्य हळूहळू कुरतडला जात होता. पाखरं झाडांवर परतली, उसाच्या सावल्या निळसर झाल्या, गार वारा सुटला. कुणीतरी त्याला हाक मारत होतं, ती हाक नदीपलीकडून आल्यासारखी वाटली. त्याला तिथून उठावंसंच वाटेना. डोळे दुखले नाहीत, चुरचुरलेही नाहीत. संध्याकाळी आई भाकरी वाढायला बसली, तेव्हा तिच्या तोंडाच्या जागी एक करडा ढग होता. तो पुढं कधी सरला नाही.

बऱ्याच वर्षांनी मिरजेच्या एका डॉक्टरांनी उलगडा केला. "पाण्यात सूर्य विझत नाही बाबा. कमी होतो, पण डोळ्याला तेवढाही पुष्कळ. हळद घाला नाहीतर शाई घाला. काळा गॉगल, एक्स-रेची फिल्म, सगळं तसलंच. आतला पडदा भाजतो आणि भाजताना दुखत नाही, तीच मेख आहे." भाजलेलं आता भरून येणार नव्हतं. आण्णा कडेनं बघायला शिकले. पदराचं टोक, फांदीवरून उडालेलं पाखरू, दाराआडची हालचाल, जगाच्या कडा त्यांना फार चांगल्या कळू लागल्या. मधलं जग मात्र स्वप्नात असतं तसं, आहे म्हणायचं. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. डोळ्यावर ज्याचं पोट, त्यानं डोळ्याची कागाळी करायची तरी कुणाकडं?

मग २०१९च्या डिसेंबरातली ती ग्रहणाची सकाळ आली. विश्रामबागेतल्या घराच्या अंगणात कोवळं ऊन होतं, वर पातळ ढग. आण्णा आंघोळ करून बाहेर आले तर त्यांच्या बायकोनं, त्रिशलानं, पितळी परात मांडलेली. पाणी पिवळंधमक. आप्पासो चहाचा कप घेऊन उभा. आणि सात वर्षांची नात ब्राह्मी गुडघे टेकून परातीवर वाकायच्या बेतात.

"ब्राह्मी, मागं सर," आण्णा म्हणाले.

"आवं, हळदीचंच पाणी हाय," त्रिशला म्हणाली. "आपुनबी असंच बघत आलो की."

"सांगलीच्या माणसानं हळदीला भ्यायचं व्हय आण्णा?" आप्पासो हसला.

नुसतं रागावलं तर पोरगी त्यांची पाठ फिरताच परत बघणार. खरं सांगावं, तर आप्पासो समोर उभा. दुपारपर्यंत यार्डभर होईल, आणि अधू डोळ्याच्या पारख्याला हळद कोण दाखवणार? पण पोरीची मान खाली झुकत चालली होती. त्यांनी परात उचलली आणि सगळं पाणी शेवग्याच्या बुडात ओतून टाकलं. मग ब्राह्मीसमोर मांडी घालून बसले.

"मी आता तुझ्या नाकाकडं बघतोय. खरं तुझं नाक मला दिसत न्हाई. डोळं न्हाईत, तोंड न्हाई. दोन वेण्या तेवढ्या दिसत्यात."

ब्राह्मीनं आपलं नाक चाचपून पाहिलं. "कुठं गेलं अज्जा?"

"असल्याच पाण्यात. तुझ्यापरास थोडा मोठा हुतो तवा."

आप्पासोनं कप कठड्यावर ठेवला. "मग आण्णा, हळकुंड?"

"नाकानं. कानानं. उरलंच तर कडेनं."

आप्पासो अर्धा चहा तसाच टाकून निघून गेला. यार्डात तो काय सांगेल, ते आण्णांना कळेना. आणि नवल म्हणजे त्या घडीला त्यांना त्याची फारशी फिकीरही वाटेना. अंग कसं हलकं झालं होतं.

"चाळण आण गव्हाची," ते त्रिशलाला म्हणाले. "सूर्याकडं पाठ करून हुबं ऱ्हावा दोघी, आन् चाळण उंच धर."

फरशीवर चाळणीची सावली पडली आणि तिच्यातल्या प्रत्येक भोकातून कुरतडलेल्या सूर्याची एकेक चंद्रकोर खाली उतरली. शंभर, दोनशे, कोण मोजणार? ढग सरला की उजळत, ढग आला की विरत. ब्राह्मी त्यांच्यावर तळवा ठेवून कोरी हातावर घेत बसली. ऊन पातळ झालं, कावळे गप्प झाले.

त्रिशला मात्र कोरींकडं बघत नव्हती.

"आवं," ती हळू म्हणाली, "लग्नात अंतरपाट सरला, तवा तुमी माझ्या कानाकडं बघितलासा."

"व्हय."

"तवापास्नं रोज तसंच. मला वाटायचं, मी पसंत न्हाई तुमास्नी."

एकतीस वर्षं ही बाई हे पोटात घेऊन त्यांना वाढत होती.

"सरळ बघितलं की तू जातीस," ते म्हणाले. "तुला बघायचं म्हनूनच कानाकडं बघत हुतो."

त्रिशलाचा हात हलला आणि फरशीवरच्या साऱ्या कोरी एकदम थरथरल्या.