आंबागडचा बोथट भुंगा

आमच्या शहापूरच्या घरात मागच्या खोलीत एक टेबल आहे, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याच्याखाली गेली कित्येक वर्षं शेणातले भुंगे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. लोकांना मी ‘कीटकांवर काम करते’ एवढंच सांगते, कारण शेणाचं नाव काढलं की समोरचा हातातला कप खाली ठेवतो. माझा नवरा मात्र खुशाल सांगायचा, ‘आमच्या बाई शेनातल्या किड्यायच्या डॉक्टर आहेत.’ तो वरठीच्या कारखान्यात फिटर होता. समोर मी त्याला अहोच म्हणायचे. आता लिहिताना तो म्हणते. एवढी सलगी करायला तो जावा लागला, हे काही बरोबर झालं नाही.

मी ज्या भुंग्यांच्या मागे लागले ते मुगाच्या दाण्याहून जेमतेम मोठे आणि काळे. शेणभुंग्यांच्या अफाट खानदानातली ही एक लहानशी प्रजाती. प्रजाती म्हणजे एक घर धरा, आणि तिच्यातल्या जाती म्हणजे त्या घरातली भावंडं. या घरात भावंडं तीनच. घर ओळखायचं ते असं: डोकं पुढून फावड्यासारखं चपटं, फावड्याच्या कडेला मधोमध खाच, खाचेच्या दोन्ही अंगांना एकेक दात. मिशा आठ पेरांच्या, टोकाला तीन चकत्या, पत्त्यांसारख्या उघडतात आणि मिटतात. मधले दोन पाय एकमेकांपासून इतके लांब, की भुंगा उताणा केला तर ते कोणीतरी घाईत बसवलेत असं वाटतं. पुढच्या पायांच्या नडग्यांना बाहेरून चार चार दात, माती खणायला. एवढं जुळलं की घर सापडलं. मग भावंडं वेगळी करायची. ती छातीवरच्या ढालीच्या ठिपक्यांवरून, पंखांच्या रेघांवरून, दातांच्या ठेवणीवरून, आणि शेवटी नराचं जननेंद्रिय बाहेर काढून. तिथे भुंग्याला खोटं बोलता येत नाही आणि आपल्यालाही.

या प्रजातीवर शेवटचं नीट काम केलं ते दक्षिणेतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी. त्यांच्याशी माझं फोनवर बोलणं व्हायचं. ‘चुकताय तुम्ही’ हे ते इतक्या आनंदाने म्हणायचे की राग यायचा. ते वारले तेव्हा लक्षात आलं, ही तीन भावंडं नुसत्या नजरेने ओळखणारं मला माहीत असलेलं माणूस आता मीच. मला याचा अभिमान वाटला होता, काही दिवस.

आंबागडला आम्ही दरवर्षी जायचो, पावसाळा नुकताच लागलेला असताना. मोटारसायकलवर मागे मी, माझ्या मांडीवर बादली. आंबागडच्या किल्ल्याच्या खाली एक बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं. तिच्या पारीवर, म्हणजे बांधावर, म्हशी चरतात. पद्धत सोपी आहे. शेणाचा पो बादलीतल्या पाण्यात कालवायचा आणि गप्प बसायचं. थोड्या वेळाने भुंगे आपणहून वर तरंगतात. नवरा हे काम माझ्याहून चांगलं करायचा, कारण त्याला गप्प बसता यायचं.

त्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही आणि जायला भादवा उजाडला. धान पोटऱ्यात आलं होतं. भुंगे फारसे नव्हते. त्याने एका पोमधून दोन काढले आणि डबीत टाकले. घरी येऊन भिंगाखाली धरले, मग भिंग पुसून पुन्हा धरले. फावड्याच्या कडेला खाच नव्हती, दात नव्हते, कड सरळ गोल होती. नडगीच्या चार दातांच्या जागी चार बोथट उंचवटे. बाकी सगळं त्याच घराचं. मी त्याला बोलावलं.

‘का झालं?’

‘चौथी जात दिसते.’

त्याने बराच वेळ डोळा लावला. ‘मंग याले माह्यं नाव दे,’ म्हणाला. ‘कारखान्यात कोनी देनार नाही.’

‘दोन्ही माद्या आहेत.’

‘चालते.’

शास्त्रात एखाद्या पुरुषाच्या नावावरून जातीला नाव द्यायचं तर नावाच्या शेवटी इंग्रजी ‘आय’ हे अक्षर जोडतात. तो आपलं नाव त्या ‘आय’सकट म्हणून पाहायचा आणि स्वतःशीच खूश व्हायचा. जेवताना म्हणायचा, गाडी पुसताना म्हणायचा. भुंगे इतके बारीक की टाचणी टोचता येत नाही. तिकोनी कागदाच्या टोकाला चिकटवून टाचणी त्या कागदातून घालावी लागते. टाचणीवर खाली चिठ्ठी असते: गाव, जागा, तारीख, आणि भुंगा कोणी पकडला त्याचं नाव. चिठ्ठ्या तो लिहायचा. लोखंडावर मापं कोरून कोरून त्याचं अक्षर मुंगीएवढं आणि सरळ झालं होतं.

त्या थंडीत तो गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात नेलं, आणि दुपारी मी एकटी परत आले. याहून जास्त लिहायला मला येत नाही.

शेजारच्या काकू तेराव्यानंतर येऊन बसल्या. त्याचे कपडे मी देऊन टाकत होते. त्यांनी चपलांवर हात ठेवला. ‘भाऊच्या चपला दारातच राहू दे वो,’ म्हणाल्या. ‘एकटी बाई रायते हे रस्त्यानं जानाऱ्याले कायले दिसावं?’ म्हणून चपला दारात राहिल्या. मी झाडताना त्या उचलते, झाडून झालं की परत ठेवते. समोरच्या हायवेवरची धूळ बसते म्हणून अधूनमधून पुसतेही. उजव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगाने पार घासलेली आहे. ब्रेक असताना टाच रस्त्यावर घासत गाडी थांबवायची त्याला खोड होती, आणि त्यावरून मी त्याला जन्मभर बोलले.

उन्हाळाभर मी चौथ्या जातीचं वर्णन लिहिलं. कॉलेज, घर, टेबल. घरात कोणाचा आवाज नाही म्हणून मी मापं मोठ्याने वाचायचे. चित्रं काढली, ओळख पटवायची किल्ली नव्याने मांडली: कडेला खाच असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे. ‘तिकडे’पाशी त्याचं नाव लिहिलं, ‘आय’सकट. ते नाव छापून आलं की ते कोणालाही पुसता येणार नव्हतं. माणसं विसरतील, चपला कधीतरी फेकाव्या लागतील, पण शेणातला एक किडा त्याचं नाव घेऊन आंबागडला खणत राहील. मला दुसरं काही नको होतं. फक्त एक नर हवा होता.

म्हणून पावसाळा सरताना मी पुन्हा गेले. एसटीने तुमसर, पुढे ऑटो, बादली मांडीवर. पारीवर तीच बाई म्हशी घेऊन बसली होती. दरवर्षी तिच्याच म्हशींचं शेण आम्ही उकरायचो.

‘औंदा एकल्याच आल्या?’

‘हो.’

‘साहेब काहून नाही आले?’

‘नाही जमलं त्यांना.’

हे मी का म्हटलं कोण जाणे. तिच्यापुरता तो कुठेतरी कामात अडकलेला राहिला तर माझं काय जात होतं? तिने मान हलवली. मी बादलीशी गप्प बसले. या वेळी भुंगे भरपूर निघाले. मी ऑटोत चढताना ती मागून म्हणाली, ‘साहेबायले सांगजा, म्हैस व्याली म्हनून. मागल्या बारीले लय इचारत होते.’ मी सांगते म्हटलं.

घरी आले आणि चहाही न करता टेबलाशी बसले. नर मिळाले. मी त्यांची जननेंद्रियं काढून पाहिली, आणि सगळे जुन्याच तिघांपैकी एका जातीचे होते. मग त्याच पोमधल्या माद्या घेतल्या. एकीची खाच खोल, दात धारदार. दुसरीची खाच उथळ. तिसरीची नुसती पुसट. अशा एकीशेजारी एक कापसावर ठेवत गेले, आणि रांगेच्या शेवटी पोहोचले तेव्हा तिथे माझी चौथी जात बसली होती. पावसाळाभर अंड्यांसाठी बिळं खणून खणून म्हाताऱ्या झालेल्या माद्या. त्या वेगळ्या नव्हत्या, झिजलेल्या होत्या. आम्ही नेहमी पावसाळ्याच्या तोंडाशी जायचो, तेव्हा सगळे दात कोरे असायचे.

मी ते लगेच मानलं असं नाही. स्वतःशी भांडले. रांग थोडक्यांची आहे, म्हटलं. छातीवरचे ठिपके जरा विरळ आहेत, म्हटलं. आणि मुख्य म्हणजे मला अडवणार कोण होतं? ज्यांनी ‘चुकताय तुम्ही’ म्हटलं असतं ते दक्षिणेतले गृहस्थ नव्हते. लेख तपासणाऱ्यांना माझ्या चित्रांवरच विश्वास ठेवावा लागला असता. घरातही ‘का करून राहिली?’ म्हणणारं कोणी नव्हतं. एकटं पडणं म्हणजे काय हे मला त्या टेबलाशी कळलं. माझं म्हणणं खोडून काढेल असं माणूस मला कुठेच उरलं नव्हतं.

संध्याकाळ झाली होती. दूधवाला आला म्हणून दार उघडलं. पातेलं घेतलं आणि खाली चपला दिसल्या. उजवी उचलून आत आणली आणि दिव्याखाली टाच धरली. परक्या माणसाने नुसती ही चप्पल पाहिली असती तर म्हणाला असता, हा माणूस वाकडा चालायचा. तो सरळ चालायचा. दुकानातून आणली तेव्हा टाच सपाट होती, माझ्यासमोर त्याने पायात घालून पाहिली होती. वरठीला रोज जाऊन येऊन ती अशी झाली. मला हे पक्कं माहीत होतं आणि याला पुरावा लागत नव्हता. मग मला रडू आलं, चांगलं मोठ्याने, कारण ऐकायला कोणी नव्हतंच.

नंतर लेख उघडला आणि नाव काढलं. किल्ली पुन्हा तीन भावंडांची केली. खाली एक ओळ घातली, की पावसाळ्याच्या शेवटी मिळालेल्या माद्यांचे दात झिजलेले असू शकतात, नुसत्या त्यावरून वेगळी जात ठरवू नये. त्याच्या नावाच्या जागी ही ओळ आली. ती कोणी वाचेल का, हेही मला ठाऊक नाही.

त्या दोन बोथट माद्यांना मी जुन्या जातीच्या खणात हलवलं. टाचण्या उचलताना चिठ्ठ्या वाचल्या. आंबागड, बोडीची पार, म्हशीचं शेण, तारीख, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात, ‘आय’शिवाय, त्याचं नाव. तेवढं खरं आहे, ते तिथे राहील. पण ते वाचायला टाचणी उचलावी लागते, आणि ती उचलणारी सध्या मी एकटीच आहे.

चप्पल परत दारात ठेवायला गेले. हायवेवर ट्रक चालू होते. नाव गेलं हे मला त्याला सांगवेना. पण निरोप तर पोचवायलाच हवा होता, मी त्या बाईला तसं कबूल केलं होतं.

‘अहो,’ मी म्हणाले, ‘आंबागडची म्हैस व्याली.’

आणि दोन्ही चपला जोडून नीट ठेवल्या.