डोळे मिटून बसले तेव्हा

गोवा राज्य झालं त्या सुमाराला मी तुयेच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. विजेच्या उपकरणांत बसणाऱ्या तांब्याच्या पात्या, कागदाहून जरा जाड. पातीला ग्रॅमगेजचं टोक टेकवायचं, अलगद दाबायचं आणि ती किती ग्रॅमला हलते ते काट्यावर बघायचं. थोडं जास्त दाबलं की पाती वाकलीच, गेली भंगारात. माझा हात हलका म्हणून मला तिथं बसवलं होतं. मला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

त्या पावसाळ्यानंतर माझ्या पात्या वाकायला लागल्या. मी गेजवर खापर फोडलं, भांडून तो बदलून घेतला. तरी तेच. हात दाखवून अवलक्षण झालं. असंच चाललं तर खोकी भरायला पाठवीन, असं सुपरवायझरने बजावलं.

घरी मात्र त्याच हाताचं कौतुक. आमच्याकडे तव्यावरची भाकरी बोटांनीच परततात, आणि हल्ली मला चटका म्हणून बसत नव्हता. सुनेचा हात विस्तवाला भीत नाही, असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. मीही फुशारायचे. मग एकदा बोटावर टपोरा फोड दिसला. कधी भाजलं ते मला सांगता येईना, तेव्हा नवऱ्याने स्कूटरवरून पेडण्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर आमच्याच भागातले. फोड त्यांनी वरवर बघितला, कोपराजवळचा फिकट डाग मात्र निरखून. मग काडीला लावलेला नायलॉनचा बारीक दोरा काढला. ठरावीक भार झाला की तो वाकतो, त्याहून जास्त दाब पडत नाही, असं त्यांनी समजावलं. मला हसू आलं. हे तर माझंच काम! दोरा लागला की ‘हां’ म्हणायचं, असं सांगून त्यांनी डोळे मिटायला लावले.

मी मिटून बसले. बराच वेळ गेला. मला राग यायला लागला.

“डॉक्टरांनू, सुरू कधी करतलात?”

“सगळ्या बोटांक लावन झाला गो.”

मी हादरलेच. परत लावा, मी बघते, म्हटलं. त्यांनी लावला. माझ्या डोळ्यांदेखत दोरा बोटावर वाकला आणि बोटाला काही कळलं नाही. कुष्ठरोग आहे, गोळ्यांनी थांबेल, पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, असं ते सांगत होते. नवऱ्याला काय वाटलं असेल या धास्तीने मी मान वळवली, तर त्याने माझी बोटं हातात धरली होती. बघितलं तेव्हा कळलं.