आंब्याच्या पानांसाठी एक कार्ड

विकत घ्यायच्या वस्तूची सोयरीक जुळवल्यासारखी चौकशी करणारा माणूस साऱ्या मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि मी त्याच्या घरात भाड्याने राहते. पंखा घ्यायचा तर आमचे घरमालक आधी तसा पंखा असलेल्या ओळखीच्या घरी जाऊन त्याखाली दुपारची झोप काढून येतात. बादली घेताना ती दुकानातच पाण्याने भरून मागतात आणि भरलेली बादली हातात धरून दुकानदाराशी पाचदहा मिनिटं पावसापाण्याच्या गप्पा मारतात. किंमत कशाचीही असो, ती ते शेळ्यांत मोजतात. मी माण गावात राहायला आले त्या दिवशी टेम्पोतून उतरणारा माझा फ्रिज पाहून ते म्हणाले, "दोन शेळ्या आन् एक करडू. बरा हाय." त्याच टेम्पोत माझ्या पतींच्या पुस्तकांची चौदा खोकी होती. ते गेल्यावर मी शहरातलं घर सोडून ही एक खोली घेतली होती, आणि भाचा म्हणाला होता, "मावशी, दहाबारा पुस्तकं ठेव, बाकीची देऊन टाक." त्याचं खरंच होतं. पण मी खोकी उघडतही नव्हते आणि देतही नव्हते. भिंतीला लावून ठेवलेल्या त्या खोक्यांबद्दल मात्र घरमालकांनी कधी एक शब्द विचारला नाही. त्यांच्या चौकशीतून सुटलेली तेवढी एकच वस्तू.

आमच्या इमारतीमागे आज जिथे एका कंपनीच्या गाड्या उभ्या असतात, तिथे त्यांचं वावर होतं. माझ्या वरच्या खोलीत राहणाऱ्या एका तरुण इंजिनीयरने नोकरी बदलून जाताना आपला छोटासा कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला, आणि देण्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी त्यांना विचारविचारून त्यात ते वावर उभं केलं. विहीर, बांध, बैलांची जोडी आणि बांधावरचा आंबा. बटण दाबलं की बैलांमागून आपण चालायला लागतो. घरमालक रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसतात ते चपला दाराबाहेर काढून. एकदा मी तशीच आत गेले तर म्हणाले, "बाई, वावरात चपला घालून कोन येतं व्हय?" मी मुकाट्याने मागे फिरून चपला काढल्या. बाराच्या ठोक्याला ते कॉम्प्युटर बंद करतात. कॉम्प्युटर तापतो म्हणून असेल, असं मला वाटायचं. विचारलं तेव्हा कळलं, बैल सोडायची ती वेळ.

अडचण आंब्यापाशी यायची. तोवर सारं सुरळीत चालायचं, पण आंबा जवळ आला की चित्र अडखळायचं, बैलांचे पाय हवेत थांबायचे आणि मग दोन्ही बैल एकदम हातभर पुढे उडी मारायचे. घरमालकांनी इंजिनीयरला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मी झाडाला पानं जरा जास्तच लावलीत. निम्मी कमी करतो, मग बघा कसं पळतं. नाहीतर चित्र पळवायला वेगळं ग्राफिक्स कार्ड घालावं लागेल, उगाच खर्च."

घरमालक म्हणाले, "पानं कमी करायची न्हाईत. एकदा व्हय म्हनून बसलोय मी." जमीन गेली तेव्हा तो आंबा तोडायला त्यांनीच होकार दिला होता, हे मला नंतर मालकीणबाईंनी सांगितलं.

आणि मग कार्डाची सोयरीक सुरू झाली. अट अशी की एका शेळीच्या वर जायचं नाही, आणि कार्ड कॉम्प्युटरच्या त्याच डब्यात बसलं पाहिजे. तो डबा म्हणजे आडवा ठेवलेला शब्दकोश. आत जागा एकच, तीही अर्ध्या उंचीच्या कार्डापुरती, आणि वीजही बेताचीच. घरमालकांनी ती जागा वितीने, मग टेपने मोजली, लाकडाच्या फळीतून त्या मापाचं एक खोटं कार्ड तासलं आणि ते आत बसवून आठ दिवस ठेवलं. का, तर डब्याला सवय व्हावी. पौड, पिरंगुट, पुणे, जातील तिथे ते लाकडी कार्ड त्यांच्या खिशात. एकदा मलाही वाचायला म्हणून बरोबर नेलं. दुकानातल्या मुलाने तीन पंख्यांचं मोठं कार्ड पुढे ठेवलं.

"खातंय किती?" घरमालकांनी विचारलं. मुलगा गोंधळला. मी म्हटलं, "वीज किती लागते, विचारतायत." मुलाने आकडा सांगितला.

"आरं, ह्यो पाव्हना माजं सगळं घर खाईल! जादा वायर न लागनारं, बुटकं, कमी खानारं दाव."

"काका, मग कॅबिनेटच मोठा घ्या ना."

"जावई बसंना म्हनून घर पाडू व्हय रं?"

शेवटी एका पंख्याचं, बुटकं, मध्यम कुवतीचं कार्ड लाकडी कार्डाशेजारी धरून पाहिलं गेलं आणि पसंत पडलं. घरी येऊन बसवायला गेलो तर बसेना. कार्डाच्या टोकाची लोखंडी पट्टी पुऱ्या उंचीची होती, आणि लाकडी कार्डाला पट्टी करायचंच राहून गेलं होतं. दोन दिवस घरमालक जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी मी सोबतचा कागद नीट वाचला. खोक्यात दुसरी आखूड पट्टी असते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खोकं मात्र रिकामं.

"अगं, हितली पट्टी कुटं हाय?"

"ती व्हय?" मालकीणबाई आतून म्हणाल्या. "भोकाची हाय, चांगली हाय. गाळनं अडकवलंय तिला."

स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून पट्टी उतरली, चहाचा डाग पुसला, आणि ती कार्डाला लागली. कार्ड आत सरकलं तेव्हा घरमालकांनी चपला पुन्हा एकदा बाहेर असल्याची खात्री केली.

बैल निघाले. विहीर गेली, बांध आला, आंबा आला. सगळी पानं हलत होती आणि चित्र पाण्यासारखं चाललं होतं. फक्त अगदी झाडाखाली डावा बैल क्षणभर अडखळला. मला वाईट वाटलं. एका शेळीत एवढंच मिळणार, असं काहीतरी मी बोलणार होते.

"त्यो खरा बी हितंच थांबायचा," घरमालक म्हणाले. "सावली सोडवायची न्हाई त्याला."

त्या दिवशी मी खोलीत येऊन पहिलं खोकं उघडलं. आता चौदाही रिकामी झाली आहेत. भिंतभर पुस्तकं आहेत, मला वावरायला जागा जरा कमी पडते. शेवटची रांग कलंडू नये म्हणून टोकाला ते लाकडी कार्ड उभं आहे; घरमालकांनी ते आपणहून आणून दिलं, माप घेऊन.

कार्ड बसलं त्या सकाळचं एकच सांगायचं राहिलं. बारा वाजले, तेव्हा मी सवयीने म्हटलं, "बैल सोडायची वेळ झाली."

पडद्यावरून नजर न काढता ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. सावलीत हायेत."