दाजींनी हिरवा केलेला देश

जगात कुठंही तोफ धडाडायची असेल, तर तिचा आवाज आधी भूममध्ये एका माणसाला ऐकू येतो, असं मी पैजेवर सांगत असे. तो माणूस म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी.

तालुक्याच्या कचेरीत विहिरी, बैल आणि कोंबड्या मोजण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर मोजायला काही उरेना, म्हणून त्यांनी जग मोजायला घेतलं. कुठं गहू कमी पिकला, कुठल्या समुद्रात जहाजं अडकली, कुठल्या नदीवरून दोन सरकारं भांडतायत, हे मोबाइलवर आणि वर्तमानपत्रांत शोधून ते जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर जगाचा नकाशा काढून त्यात उतरवत. जेवढं संकट मोठं तेवढं वर्तुळ मोठं. हिरवा देश म्हणजे निभेल, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे दोन वर्षांत भडका. बैठकीच्या भिंती भरल्या तेव्हा मेहुणीनं देवांच्या तसबिरी स्वयंपाकघरात नेल्या आणि आठ दिवस अबोला धरला. गावानं त्यांना ज्योतिषीच ठरवलं होतं. एक बाई थेट मुरुमहून लेकीची पत्रिका घेऊन आली. दाजींनी तिला तासभर समजावलं की आपण भविष्य सांगत नाही, शक्यता सांगतो. "मग पोरीची शक्यता सांगा की," बाई म्हणाली. लग्नाला माणसं किती येतील असं विचारलं तरी ते तीन आकडे देत, बरा, मध्यम आणि वाईट. आमच्या घरची दोन कार्यं त्यांच्या मध्यम आकड्यावर नीट पार पडली.

रंग मात्र त्यांनी कधी कुणासाठी बदलला नाही. पंधरा ऑगस्टला शाळेनं त्यांचा नकाशा लावायला मागितला. आपला देश तेवढा हिरवा करा, असं मुख्याध्यापक म्हणाले, तर दाजी नकाशा गुंडाळून घरी आले.

आणि त्या माणसाला मी रंग बदलायला लावला.

माझ्या मुलीला परदेशात डॉक्टरकीला प्रवेश मिळाला होता. ती आतून घाबरली होती. दाजींना ती काका म्हणते; काका हो म्हणाले तरच जाते, म्हणाली. निघायच्या आदल्या दिवशी दाजी धाराशिवला आमच्याकडे आले आणि मला बाजूला घेऊन त्यांनी कागद उलगडला. तो देश लाल होता.

"पाहुणं, एक वरीस थांबा. शिवंवर फौजा लई साठल्यात."

मी चिडलो. सगळ्या भावकीत पेढे वाटून झाले होते. निघत्या लेकरापुढं थोरल्यांनी वाईट बोलू नये, ही आपली रीत, असं मीच त्यांना ऐकवलं आणि हिरवा पेन त्यांच्या हातात दिला. दाजींनी लाल देशाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग त्यांनी कोऱ्या पानावर सारं जग पुन्हा काढलं आणि तो देश हिरवा रंगवला. मुलगी तो कागद बघून हसली आणि बॅग भरायला गेली.

सहा महिन्यांत तिथं युद्ध पेटलं. ती नऊ दिवस तळघरात होती. ते नऊ दिवस दाजी आमच्याच घरी होते आणि एका शब्दानं मला बोलले नाहीत. फोन लागला की पाणी आहे का, एवढंच विचारायला सांगत. ती सुखरूप परतली, पण शिक्षण अर्धवट राहिलं आणि कुकरची शिट्टी झाली तरी ती अजून दचकते.

पुढं तिला घेऊन मी भूमला गेलो. भिंती कोऱ्या होत्या. ती पाया पडली आणि त्यांची समजूत काढावी तशी म्हणाली, "काका, एवढे अंदाज केलेत, एखादा चुकायचाच."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी पिशवी आवरू लागलो.

"व्हय बाळा, चुकला," ते म्हणाले. "आता पयल्यासारखं दिसत न्हाय मला."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. एसटीची वेळ झाली, असं म्हणून मी उठलो. दाजी आता अंगणात नुसते बसून असतात, आणि कुणी जगाचं विचारलंच तर आपल्याला त्यातलं कळत नाही म्हणतात. मुलीला मी अजून खरं सांगितलेलं नाही.