ताईंना सांगितलेलं नाटक

ऐंशीच्या दशकात चंदीगडच्या विद्यापीठात मला नोकरी लागली तेव्हा पंजाबात रोज कुठे ना कुठे गोळीबार नाहीतर स्फोट होत होते. सांगलीला आई म्हणाली, लोक तिकडून परत येतायत आणि तू निघालीस. पण नोकरी पक्की होती, म्हणून मी गेले. राहायची सोय एका मराठी कुटुंबाकडे झाली. यजमान वैद्यकीय संस्थेत संशोधक. त्यांच्या पत्नीला सगळेच ताई म्हणायचे. पन्नाशीला टेकलेल्या, बोलायला फटकळ, आणि पूर्ण अंध. जन्मापासून नव्हे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता, तो हळूहळू वाढत गेला आणि नवऱ्याच्या संस्थेतल्या कुणालाच काही करता आलं नाही. त्याआधी महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मुख्य काम त्यांचंच असायचं, हे मला मंडळातल्या बायकांकडून कळलं. ताईंनी स्वतः कधी सांगितलं नाही.

नाटक वर्षातून एकदा व्हायचं. त्या काळात ते दुपारी ठेवायचे, कारण अंधार पडायच्या आत सगळ्यांना घर गाठायचं असायचं. ताईंनी जाणं सोडूनच दिलं होतं. मी नवीन होते, मला काही अंदाज नव्हता. मी म्हटलं, चला की, मी शेजारी बसून सांगीन काय चाललंय ते. त्या कशा तयार झाल्या कोण जाणे.

आता या कामाला नाव आहे, ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात, त्याचं शिक्षणही मिळतं. मी आपली अंदाजानं सुरू झाले. स्टेजवर एक बाप मुलाशी भांडत होता.

"तो चिडलाय," मी कुजबुजले.

"ते मला ऐकू येतंय. हात कुठे आहेत त्याचे?"

मी पाहिलं. हात पाठीमागे होते, आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. इतका वेळ मी त्या माणसाकडेच बघत होते, पण हे मला दिसलं नव्हतं.

पुढे उलटंच झालं. नोकर मोडक्या खुर्चीवर बसायला निघाला, तशी तो पडणार असं मी आधीच सांगून मोकळी झाले. ताई एकट्याच हसल्या. मग तो पडला आणि सगळं सभागृह हसलं. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. त्यांची खुर्ची करकरली, तेवढ्यावरून ताईंना कळलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि राहू दे म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, लोकांचं नाटक बिघडतं, मी परत येणार नाही.

मंडळाचं नाटक बसवायचे ते हाडांचे एक डॉक्टर, मूळचे अमरावतीचे. त्यांच्या कानावर हे गेलं. पुढच्या वर्षीच्या तालमी सुरू व्हायच्या आधी ते चहाला आले, सोबत हवाई दलातले एक मराठी अधिकारी. हे अधिकारी संदेशवहन खात्यात होते. त्यांची योजना साधी होती. लाइट सांभाळणाऱ्याच्या काचेच्या खोलीत माइक, तिथून भिंतीच्या कडेनं वायर, ताईंच्या खुर्चीखाली एक छोटी पेटी आणि कानात इअरफोन. मी खोलीतून बोलायचं, ऐकणार फक्त ताई. ताईंनी आढेवेढे घेतले, पण त्यांचा चेहरा मी बघत होते. त्यांना यायचं होतं.

मग त्यांनी मला तयार करायला घेतलं. संध्याकाळी आम्ही गच्चीत बसायचो आणि मी रस्ता सांगायचे. एकदा मी म्हटलं, चौकात वाळूच्या पोत्यांमागे एक बंदूकवाला उभा आहे. ताईंनी विचारलं, केवढा आहे? मी निरखून पाहिलं. विशीचा असेल, मिशी अजून नीट फुटलेली नव्हती, आणि तो बुटाच्या टोकानं एक दगड इकडून तिकडे सरकवत होता. ताई म्हणाल्या, मग हे आधी सांग, बंदूक मागून सांग. बंदूक आधी सांगितलीस की मला नुसती बंदूकच दिसते. त्या काळात शेजारीपाजारी, बसमध्ये, विद्यापीठात सगळेच एकमेकांकडे बघताना आधी काय बघत होते, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. पगडी आधी की माणूस आधी. मी स्वतःही त्यातलीच होते.

तालमींना मी रोज जायचे. संवादांमध्ये श्वासापुरती जागा कुठे आहे ते शोधायचे आणि तेवढ्यात मावेल असं वाक्य बसवायचे. नाटकात एक विधवा आई होती आणि परदेशी निघालेला मुलगा. आईचं काम करणारी बाई शाळेत शिक्षिका होती. मुलाचं काम बँकेतल्या एका अधिकाऱ्याकडे होतं.

प्रयोगाच्या दिवशी पोलीस सभागृह तपासायला आले. ट्रान्झिस्टरमध्ये स्फोटकं ठेवल्याच्या घटना होऊन गेल्या होत्या, बेवारस वस्तूला हात लावू नका अशा पाट्या जिथे तिथे होत्या. आणि आमच्याकडे तर खुर्चीखाली पेटी, पेटीत बॅटरी, बॅटरीला वायर. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, पेटी उचलून दूर मैदानात नेली. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी ओळखपत्र दाखवलं, इअरफोन स्वतःच्या कानात घालून दाखवला. सबइन्स्पेक्टर वयानं मोठा, शांत सरदारजी होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, ताईंकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "मैडम जी, समझ गया मैं. लेकिन आज अंदर कोई तार नहीं जाएगी." आमचे अधिकारी परत येऊन म्हणाले, त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

ताई लगेच म्हणाल्या, मला घरी सोडा. डॉक्टर म्हणाले, ही मुलगी स्टेजच्या कोपऱ्यात स्टुलावर बसेल आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगेल. बँकवाल्यांनी साफ नकार दिला. इतके दिवस घासून काम बसवलंय आणि आता ही मधेमधे बोलणार, म्हणाले. ताईही तेच म्हणत होत्या, की माझ्यासाठी नाटकाची वाट लावू नका.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासाठी नाही करत. तुम्ही समोर नसाल तर मलाच हे नाटक करायचं नाही."

बँकवाले पाय आपटत आत तयार व्हायला गेले, आणि कुणीतरी स्टूल आणून कोपऱ्यात ठेवलं.

सुरुवात वाईट झाली. माझा आवाज चिरका निघाला, मागे कुणीतरी खुसखुसलं. बँकवाले मुद्दाम माझ्या जागा खाऊन संवाद म्हणत होते. असं अर्धा तास चाललं. मग मुलगा निघून जातो आणि आई त्याचं कपाट आवरते तो प्रसंग आला. त्यात एकही संवाद नाही. मी म्हटलं, "ती त्याच्या शर्टाची घडी घालते." थांबले. "कॉलरचं बटण लावते." मग बराच वेळ काही नाही. "बटण परत काढते." सभागृहात फक्त पंखे ऐकू येत होते.

नाटक संपल्यावर मतं दोन्हीकडची होती. काहींनी आपल्याला काय डोळे नाहीत का, असं विचारलं. एक बाई येऊन म्हणाल्या, माझ्या मुलीला मराठी अर्धंच कळतं, ती घरी हिंदीतच बोलते, पण आज तिला पहिल्यांदा पूर्ण नाटक कळलं. बँकवाले माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

परत येताना ताईंनी विचारलं, शर्ट कुठल्या रंगाचा होता? पांढरा, मी म्हटलं. ते सांगायला हवं होतंस, म्हणाल्या. नाक्यावर रिक्षा थांबवून पोलिसांनी आमच्या पिशव्या बघितल्या. पुढे निघाल्यावर त्या म्हणाल्या, "बटण परत काढणं डॉक्टरांनी बसवलं होतं, की तिनं आपणहून केलं?"

"तालमीत नव्हतं ते. आजच केलं तिनं."

"म्हणजे तू खरंच बघत होतीस," ताई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी वायरचा विषयच काढला नाही. स्टुलावर कोण बसणार एवढाच प्रश्न होता, आणि ताई म्हणाल्या, मी बसते. त्या प्रत्येक तालमीला आल्या. कोण कुठे उभा आहे, कुणाची मान कुठे वळली, ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा काढून घेतलं, त्यातलं काय ठेवायचं ते स्वतः ठरवलं आणि सगळं पाठ केलं. प्रयोगाला त्या मोरपिशी साडी नेसून बसल्या. इतक्या वर्षांनी स्टेजवर आल्या होत्या आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत सहज जात होता. बँकवाले एका ठिकाणी बसायचं विसरले. ताई ठरल्याप्रमाणे म्हणाल्या, "तो बसतो." त्यांना मुकाट्यानं बसावं लागलं. लोक पोट धरून हसले, पुढे बँकवालेही हसले. नंतर ते मला म्हणाले, स्टेजवर इतका जपून मी कधी उभा राहिलो नव्हतो.

दोन वर्षं ताई तिथे बसल्या. मग यजमान निवृत्त झाले आणि दोघं नागपूरला गेली. त्यानंतरच्या नाटकाला मंडळानं मला विचारलं. मी बसले, सांगितलं, कुणी तक्रार केली नाही. पण समोर असं कुणीच नव्हतं, ज्याला यातलं काय हवंय हे मला ठाऊक असेल. रंग सांगू की हात सांगू, हे ठरवताना मी अडखळत होते. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही, आणि स्टूल पडद्यामागच्या खोलीतच राहिलं.