पाणी तोडणाऱ्याची सही

तिरोड्यात आम्ही भाड्यानं राहायचो. नवरा वीज प्रकल्पात कंत्राटी कामाला, मी घरी ब्लाऊज शिवायची. मागच्या खोलीत नवेगाव बांधची एक मावशी राहायची. एकटीच होती, बाजारात मासे विकायची. घरमालक वरच्या मजल्यावर. त्यांना आम्ही काका म्हणायचो.

उन्हाळ्यात काकांनी खोल्या खाली करायला सांगितलं. त्यांना प्रकल्पातले साहेब लोक ठेवायचे होते. करार संपला नव्हता, म्हणून मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी आमचे नळ कोरडे. वर मात्र गच्ची धुणं चाललं होतं.

"काका, पाणी काऊन बंद केलं?"

"मोटर बिघडली," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

भाडेकरूचं पाणी असं तोडता येत नाही, तसा कायदा आहे, हे ब्लाऊज शिवून घ्यायला येणाऱ्या एका वकीलबाईंकडून मला माहीत होतं. मी अर्ज घेऊन नगर परिषदेत गेले.

"ये आप लोगों का आपस का मामला है," बाबू म्हणाला. "वेगळा नळ पाहिजे तर घरमालकाची ना-हरकत आणा."

"ज्यानं पाणी तोडलं, त्याचीच सही आणू?"

"नियम आहे, बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मतं मागायला याच नगर परिषदेचे नगरसेवक आमच्या दारात हात जोडून उभे राहतात. तेव्हा कोणी विचारत नाही, घर तुमचं की भाड्याचं.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्यासोबत आली, डोक्यावर माशांची टोपली घेऊन. मुख्याधिकाऱ्यांच्या दारातच तिनं ती खाली ठेवली आणि शेजारी बसली.

"मावशी, उठा इथून," शिपाई म्हणाला.

"घरी पाणी नाही. मासे कुठं धुवू? इथंच धुतो मी."

टोपलीला वास सुटला, तसे साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले. माझा अर्ज त्यांनी उभ्याउभ्याच वाचला आणि एका कर्मचाऱ्याला आमच्यासोबत घरी पाठवलं. मोटर धडधाकट होती. वरचा व्हॉल्व्ह तेवढा बंद केलेला. कर्मचाऱ्यानं तो उघडला आणि जाताना मला म्हणाला, "ताई, जरा समजुतीनं राहत जा." काकांना तो काहीच बोलला नाही. त्या माणसाचा मला आजही राग येतो. काकांपेक्षा जास्त.

करार संपल्यावर आम्ही निघालो. मावशीला खोली मिळेना. मासे म्हटलं की लोक दार लावून घ्यायचे. शेवटी तिला आमच्यातच घेतलं. नव्या घरमालकाला मी सांगितलं, "ही आमच्यासोबत राहील. आणि पाणी बंद करणार नाही, हे करारात लिहा."

तो हसला. "एवढा अविश्वास?"

"हो," मी म्हटलं. त्यानं लिहिलं, सही केली, तेव्हाच आम्ही सामान उतरवलं.