सहीसाठी थांबलेल्या तीन ओळी

परवा फोनवर तुम्ही दोघे हसलात. "आजी, त्या काळात तू कॉम्प्युटरवर करायचीस तरी काय?" असे विचारलेत. मी "फलक सांभाळायचे" एवढेच म्हणाले आणि तुमच्या परीक्षेचा विषय काढला. विषय बदलला, कारण मला राग आला होता. तुमचा नव्हे. तो राग तुमच्या आईच्या शाळेच्या दिवसांपासूनचा आहे आणि अजून गेलेला नाही. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तरी हे मराठीतच लिहिते. सावकाश वाचा.

तुमच्या आजोबांची रेल्वेत जयपूरला बदली झाली आणि आम्ही खातीपुऱ्याला राहायला गेलो. मी गणित शिकलेली, तेही इंग्रजीतून, आणि प्रोग्रॅम लिहिण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेली. मालवीय नगरच्या बाजूला एक सरकारी संशोधन संस्था होती, तिथे मला नोकरी लागली. संस्थेत कपाटाएवढे एक यंत्र होते आणि त्याला जोडलेले बारा पडदे वेगवेगळ्या खोल्यांत. एक तार टेलिफोनवरून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत जायची. त्या यंत्रावर सूचना फलकाचा एक प्रोग्रॅम चालायचा. कोणीही पडद्यावर नोंद लिहावी, दुसऱ्याने तिच्याखाली उत्तर लिहावे. प्रत्येक नोंदीला आणि प्रत्येक उत्तराला क्रमांक. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. आम्हाला वाटायचे.

मूळ प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो परदेशी निघून गेला होता. पुढे तो मी सांभाळला. सांभाळणे म्हणजे काय, तर वीज गेली की अर्धवट लिहिलेल्या नोंदी आत पडून राहत, त्या काढून टाकण्यासाठी मी साफसफाईचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी यंत्र सुरू झाले की तो आधी चालायचा. अर्धवट नोंद ओळखायची खूण सोपी होती: नोंद पूर्ण झाली की मगच फलकाचा शेवटचा क्रमांक पुढे सरकायचा, म्हणून त्याहून जिचा क्रमांक मोठा, ती कचरा. हा नियम ध्यानात ठेवा.

केलेला प्रत्येक बदल मी एका जाड रजिस्टरमध्ये लिहायचे. कोणती ओळ, का बदलली, कोणाच्या परवानगीने. परवानगीचा रकाना आमच्या विभागप्रमुखांमुळे आला. एकदा माझ्या एका दुरुस्तीमुळे त्यांच्या सूचनेखालचे पदनाम अर्धे छापले गेले. तेव्हापासून हुकूम: फाइलवर टिपणी लिहा, माझी सही घ्या, मग ओळीला हात लावा. मी शिस्तीची बाई. मला तो हुकूम पटलासुद्धा होता. हे आधीच कबूल करून टाकते.

आता त्या फलकावर काय होते ते सांगते. रसायन विभागात एक मदतनीस होते, जयपूरजवळच्या बगरू गावचे, ठसे मारून कापड रंगवणाऱ्या छिपा घरातले. वयाने माझ्याहून थोडे मोठे. हिंदी वाचायचे, पडद्यावरची इंग्रजी अक्षरे त्यांना येत नसत. त्यांचे वडील जुने रंगारी, दृष्टी जवळजवळ गेलेली. आमचे शास्त्रज्ञ फलकावर प्रश्न टाकत: हिरड्याच्या पाण्यात कापड किती वेळ ठेवायचे, तांबड्या रंगात चिंचोक्याची खळ किती. हे गृहस्थ शनिवारी प्रश्न घेऊन बगरूला जात आणि सोमवारी उत्तरे घेऊन येत. माझ्या शेजारी स्टुलावर बसून वडिलांच्याच बोलीत सांगत. मी इंग्रजी अक्षरांत ते जसेच्या तसे उतरवायचे. चार वर्षांत अशी दीडशेवर उत्तरे झाली. वडिलांनी कधी काही लिहून ठेवले नव्हते, आणि मुलगा नोकरीला लागल्यामुळे धंदा शिकला नव्हता. मग एका हिवाळ्यात वडील गेले.

तेराव्यानंतर ते कामावर आले ते थेट माझ्या खोलीत. "बहनजी, बाबूजी की बातें मशीन में पड़ी हैं ना? मिटेंगी तो नहीं?"

"नहीं मिटेंगी," मी म्हणाले. "मैं बैठी हूँ ना."

त्याच सुमारास मला ती चूक दिसली. प्रोग्रॅममध्ये क्रमांकासाठी ठेवलेली जागा लहान होती. तिच्यात ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावत होता. स्कूटरचा मीटर संपला की शून्यावर येतो ना, तसे इथे पुढचा आकडा थेट उणे बत्तीस हजार होणार होता. तेव्हा आमचा फलक एकतीस हजारांच्या पुढे गेला होता. उपाय माहीत होता. तीन ओळी बदलायच्या आणि जुन्या नोंदी एकदा नव्या मापात उतरवून घ्यायच्या. अर्ध्या दिवसाचे काम. मी टिपणी लिहिली, इंग्रजीत, मुद्देसूद, आकड्यांसकट, आणि फाइल वर पाठवली.

आठवड्याने फाइल परत आली. समासात दोन शब्द: "चर्चा करें."

चर्चेला गेले तर विभागप्रमुख साहेब बैठकीत. दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर. मी पुन्हा टिपणी लिहिली. पुन्हा "चर्चा करें." तिसऱ्या वेळी ते जागेवर सापडले. त्यांनी फाइल उघडलीही नाही.

"मैडम, दीवार पर टंगे बोर्ड में कभी गिनती ख़त्म होती है?"

"सर, हे भिंतीवरचे नाही," मी हिंदीत सांगितले. "आकडा उणे झाला तर सकाळची साफसफाई सगळ्याच नोंदींना कचरा समजेल. सगळे पुसले जाईल."

"तो साफ़-सफ़ाई में तो आप लेडीज़ माहिर हैं," म्हणाले आणि स्वतःच हसले. शेजारी बसलेले दोघेही हसले. "देखते हैं. अभी तो महीनों हैं."

घरी येऊन मी भांडी आपटली. तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, बदलून टाक ना गुपचूप. त्याला कळणार आहे का?"

"रजिस्टरमध्ये परवानगीच्या रकान्यात काय लिहू?"

"रजिस्टर तुझंच आहे ना!"

"म्हणूनच," मी म्हणाले. त्या उत्तराचा मला तेव्हा अभिमान वाटला. आज त्याच उत्तराची लाज वाटते.

मग माझी आई सांगलीला आजारी पडली. मी पंधरा दिवसांची रजा काढली. निघताना आकडा पाहिला, नेहमीच्या वेगाने अजून महिना सहज निघाला असता. चौथी टिपणी टेबलावर ठेवली आणि गाडीत बसले.

मी नसताना संस्थेची तपासणी आली. साहेबांना दाखवायला काहीतरी हवे होते. त्यांनी हुकूम काढला: सगळी जुनी परिपत्रके फलकावर चढवा. दोन टंकलेखक बसवून आठवडाभर परिपत्रके चढवली. कँटीनच्या वेळा, सायकल स्टँडचे नियम, कधीच निवृत्त झालेल्यांच्या रजा. आकडा एका आठवड्यात संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू झाले आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने, सांगितले होते तेच काम केले. शेवटचा क्रमांक उणे. म्हणून आधीची प्रत्येक नोंद त्याहून मोठी. म्हणून प्रत्येक नोंद कचरा. पाच वर्षे काही मिनिटांत गेली.

मी परत आले तेव्हा फलक कोरा होता. दर शनिवारी मी फलकाची नक्कल टेपवर काढून ठेवत असे. कपाट उघडून ती टेप लावली, तर तिच्यावरही परिपत्रके. परिपत्रकांच्या नकलेसाठी नवी टेप मागवायला वेळ नव्हता म्हणून साहेबांनी माझी वापरली होती.

मी त्यांच्या खोलीत शिरले. दारावर टकटक केले नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

"बैठिए मैडम, चाय पीजिए. काग़ज़ भी तो फट जाते हैं." मग फाइल माझ्याकडे सरकवली. "बस इतना लिख दीजिए कि तकनीकी ख़राबी थी."

फाइल उघडली. माझी चौथी टिपणी सर्वांत वर होती, आणि समासात, निळ्या शाईत, "चर्चा करें." मी तिच्याखाली लिहिले, "चर्चेची आता गरज नाही," सही केली आणि चहाला हात न लावता बाहेर आले. त्याने काय झाले? काही नाही. पुढच्या वर्षी त्यांना बढती मिळाली.

पण खरे अवघड पुढे होते. बगरूच्या त्या गृहस्थांना मी स्टुलावर बसवून सगळे सांगितले. ते ओरडले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी स्टूल थोडे पुढे ओढले. मग विचारले, "कितना काम था, बहनजी?"

"तीन लाइन. आधे दिन का."

"आपको आता था?"

"आता था."

"तो कर देतीं."

बस. एवढेच. साहेबांवरचा माझा राग मी लोकांना सांगू शकते, सांगून थोडी हलकीही होते. हे तीन शब्द मी कोणालाच सांगितले नव्हते, तुमच्या आजोबांनाही नाही.

त्याच दुपारी मी तिन्ही ओळी बदलल्या. रजिस्टरमध्ये परवानगीच्या रकान्यात लिहिले, "घेतली नाही." त्यानंतर तिथल्या नोकरीभर मी तो रकाना तसाच भरला. कोणी विचारलेसुद्धा नाही. म्हणजे आधीही विचारले नसते.

पुढचे दोन महिने ते रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन बसायचे. डबा न उघडता आठवेल ते सांगायचे आणि मी उतरवायचे. साठेक उत्तरे जमली. बऱ्याच ठिकाणी "शायद" आले. वडिलांच्या बोलण्यात तो शब्द कधीच नसायचा.

एक प्रश्न मला स्वच्छ आठवत होता, कारण तो मीच टाकला होता. काळ्या रंगासाठी ते लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवत. उन्हाळ्यात दिवस मोजता येतात, पण हिवाळ्यात रंग तयार झाला हे कसे ओळखायचे? म्हाताऱ्याने लांबलचक उत्तर पाठवले होते, त्यात वासाचे काहीतरी होते आणि माठाला कान लावण्याचे. मुलाने डोळे मिटून पुष्कळ आठवून पाहिले. मीही पाहिले. नाही आले.

मी तो प्रश्न पुन्हा फलकावर लिहिला आणि खाली उत्तराची जागा मोकळी सोडली. ही नोंद कधीही काढायची नाही, असे साफसफाईच्या प्रोग्रॅममध्ये बजावून ठेवले. आमची बदली झाली त्या दिवशीही पडद्यावर जाऊन पाहिले. प्रश्न होता. जागा मोकळी होती.